'द कृष्णा की' : पुराण, पुरावा आणि कल्पित

अश्विन सांघी यांची 'द कृष्णा की' ही इंग्रजी कादंबरी २०१२ साली प्रसिद्ध झाली. बडोद्यातील मराठी घरांतून ती आजही हातोहात फिरताना दिसते. नातवाने विकत आणावी, आजोबांनी दुपारच्या वेळी वाचून संपवावी आणि सायंकाळी बागेतल्या बाकावर तिच्याविषयी वाद रंगावा, असे भाग्य इंग्रजी पुस्तकांच्या वाट्याला आपल्याकडे सहसा येत नाही. कारण उघड आहे. या कादंबरीचा बराचसा खेळ आपल्या अंगणातच मांडला आहे. सोमनाथ आणि द्वारका ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची यात्रेची स्थाने. गायकवाडी अमलात तर द्वारका आणि ओखामंडळ हा बडोदे राज्याचाच प्रांत होता. ज्या घाटावर आपल्या आजीने गोमतीस्नान केले, त्या घाटापाशी एखाद्या खुनाचा माग निघाल्याचे वाचताना औत्सुक्य वाटणारच.

त्या औत्सुक्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. हा लेख लिहावासा वाटला तो सायंकाळच्या वादाच्या सुरामुळे. कादंबरी कशी वठली आहे, असा प्रश्न तेथे क्वचितच निघतो. 'हे सगळे खरेच असे होते का?' असा प्रश्न निघतो. आणि अलीकडे तर प्रश्नही उरलेला नाही, 'हे असेच होते, पुस्तकात पुरावे दिले आहेत' असा निर्वाळाच ऐकू येतो. हे पुरावे कोणते, ते किती वजनाचे आहेत आणि त्यांच्यावर कल्पिताचे मजले कोठून चढले, एवढे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कथासूत्र थोडक्यात असे. रविमोहन सैनी नावाचा इतिहासाचा प्राध्यापक आपल्या मित्राच्या खुनात संशयित ठरतो. हा मित्र सिंधुलिपीचा जाणकार. त्याच्याजवळ एका प्राचीन मुद्रासंचातील मुद्रा असतात. सर्व मुद्रा एकत्र आल्या म्हणजे श्रीकृष्णाने मागे ठेवलेल्या एका रहस्याची किल्ली सापडेल, अशी योजना आहे. मागे पोलीस, पुढे स्वतःला कल्की अवतार समजणारा खुनी, आणि मध्ये प्राध्यापकमहाशय कालीबंगनपासून द्वारका, सोमनाथ, कैलास असे करीत आग्ऱ्यापर्यंत धावताहेत. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी श्रीकृष्ण स्वमुखाने आपले चरित्र सांगतो. प्रकरणे एकशे आठ. पुस्तकाच्या शेवटी संदर्भांची लांबलचक यादी आहे, आणि आमच्या मते घोटाळ्याचे मूळ या यादीत आहे. कादंबरीला संदर्भसूची जोडली की वाचक तिला प्रबंध समजू लागतो. प्रबंधात आधाराचे वजन करण्याचे उत्तरदायित्व लेखकावर असते. कादंबरीत ते कोणावरच नसते. सांघी यांनी आपली कृती कल्पित असल्याचे लपविलेले नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण सूची वाचणाऱ्याला ते सांगणे ऐकू येत नाही.

या वाङ्मयप्रकाराचे कुलदैवत म्हणजे डॅन ब्राऊन यांची २००३ सालची 'द दा विंची कोड'. तिचा मराठी अनुवादही पुष्कळ वाचला गेला. तिच्या आरंभीच, 'सायनचे मठ' ही गुप्त संघटना १०९९ मध्ये स्थापन झाली, असे वस्तुस्थिती म्हणून छापले आहे. प्रत्यक्षात या नावाची संस्था पिएर प्लान्तार नावाच्या गृहस्थाने १९५६ साली फ्रान्समध्ये नोंदविली आणि तिची प्राचीन वंशावळ दाखविणारे बनावट कागद पुढील दशकात पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात नेऊन ठेवले. ग्रंथालयात आहेत म्हणून ते खरे मानले गेले! याच विषयावर १९८२ साली आलेल्या एका इतिहासवजा पुस्तकाच्या लेखकांपैकी दोघांनी ब्राऊन यांच्या प्रकाशकावर लंडनच्या न्यायालयात वाङ्मयचौर्याचा दावा लावला, तो २००६ साली फेटाळला गेला. त्या दाव्यात एक मौजेची अडचण होती. आपले पुस्तक हा खरा इतिहास आहे असे म्हणावे, तर इतिहासावर कोणाचीच मालकी नसते. आणि मालकी सांगावी, तर ते आपल्या कल्पनेतून निघाले असे कबूल करावे लागते. अशा पुस्तकांची परीक्षा करायला यापरता चांगला प्रश्न नाही. 'हे तुमचे, की घडलेले?' एवढेच विचारावे.

सांघी यांची पहिली कादंबरी 'द रोझाबल लाइन' याच घराण्यातली. येशू क्रुसावर न मरता काश्मिरात आला, या दंतकथेवर ती उभी आहे. तिच्यामागे १८९४ साली नोटोविच या रशियन प्रवाशाने प्रसिद्ध केलेले, लडाखच्या हेमिस मठात सापडल्याचे सांगितलेले एक 'चरित्र' आहे. पुढच्याच वर्षी आग्ऱ्याचे प्राध्यापक डग्लस हेमिसला जाऊन मठाधिपतींना भेटले. त्यांनी असे पुस्तक आपल्याकडे कधीच नव्हते, असे स्पष्ट सांगितले. तो खुलासा तेव्हाच छापूनही आला. तरीही सव्वाशे वर्षे मूळ बातमी धावते आहे आणि खुलासा मात्र पाय ओढीत मागे राहिला आहे.

आता द्वारकेकडे वळू. येथे कल्पित आणि वस्तुस्थिती यांची वीण सर्वांत घट्ट आहे, म्हणून थोडे सावकाश पाहिले पाहिजे.

द्वारका बुडाली, हे कोणत्या ग्रंथात आहे? महाभारताच्या मौसलपर्वात. यादवांचा संहार झाल्यावर अर्जुन उरलेल्या स्त्री-पुरुषांना घेऊन निघतो आणि त्यांच्या मागोमाग सागर नगरीत शिरतो. विष्णुपुराणात हीच कथा आहे. तेथे वासुदेवाचे गृह मात्र सागराने बुडविले नाही, असे सांगितले आहे. या विष्णुपुराणाची चिकित्सित आवृत्ती आपल्याच प्राच्यविद्या मंदिराने १९९७ ते १९९९ या काळात प्रसिद्ध केली, याचा विसर बडोदेकरांना पडू नये. तर ग्रंथातील साक्ष ही अशी. ती खोटी म्हणण्याचे कारण नाही, पण ती कवीची साक्ष आहे. ती कशाची साक्ष आहे, हे जमिनीला आणि पाण्याला विचारावे लागते.

जमिनीला पहिल्यांदा पद्धतशीरपणे विचारले ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजने. १९६३ साली, हसमुख सांकलिया यांच्या प्रेरणेने, द्वारकाधीशाच्या मंदिराजवळ उत्खनन झाले. त्याचा अहवाल झेड. डी. अन्सारी आणि म. श्री. माटे यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. तेथील सर्वांत खालच्या वस्तीचा काळ इसवी सनाच्या आरंभाच्या आसपासचा ठरला. पुढे शि. रं. राव यांनी मंदिराच्या पुढील भागात खोदून जुन्या देवळांचे अवशेष उजेडात आणले आणि १९८० नंतरच्या दशकात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांसह समुद्रतळाचा शोध घेतला. घडीव दगडांच्या भिंती, बुरुजासारखी बांधकामे आणि मोठ्या संख्येने दगडी नांगर सापडले. हे सर्व खरे आहे. पाणबुड्यांच्या या कष्टांना आम्ही मनापासून नमस्कार करतो.

परंतु समुद्रतळावरील घडीव दगडाला स्वतःचे वय सांगता येत नाही. ते त्याच्या सोबत सापडलेल्या लाकडावरून, खापरावरून, थरावरून काढावे लागते, आणि द्वारकेचा समुद्र उथळ व खवळता असल्यामुळे थर जागेवर राहत नाहीत. राव यांनी या अवशेषांना इ. स. पू. १५०० च्या आसपास नेले. त्याच संस्थेच्या गौर, सुंदरेश, वोरा या पुढच्या पिढीच्या अभ्यासकांनी पुन्हा तपास केला. दगडी नांगरांचे असेच प्रकार ऐतिहासिक आणि मध्ययुगीन काळातील बंदरांतही आढळतात, तेव्हा द्वारकेच्या पाण्यातील अवशेष एका गजबजलेल्या बंदराचे असून त्यांचा काळ बराच अलीकडचा असावा, असे त्यांनी मांडले. बेट द्वारकेची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे उत्तर हडप्पा काळात वस्ती होती, याबद्दल फारसा वाद नाही. तेथे मिळालेली तीन तोंडांच्या प्राण्याची शंखमुद्रा तर सुप्रसिद्धच आहे.

कादंबरीत ज्या कल्पनेवर सारा डोलारा उभा आहे, ती मुद्रांची कल्पना येथूनच येते. द्वारकेवर शाल्वाचा वेढा पडला तेव्हा मुद्रेवाचून कोणाला आत-बाहेर जाऊ देऊ नये अशी व्यवस्था होती, असा उल्लेख वनपर्वात आहे. एकीकडे ग्रंथातली मुद्रा, दुसरीकडे बेटावर सापडलेली मुद्रा. मधली उडी राव यांनी सावधपणे पण मारलीच, आणि कादंबरीकाराने ती सावधपणा सोडून मारली. दोन्हींमध्ये 'मुद्रा' हा शब्द आणि एक भौगोलिक नाव यांखेरीज काही समान नाही. बेटावरील मुद्रा हडप्पा घाटणीची. तिच्यावर कृष्णाचे, यादवांचे वा द्वारकेचे नाव नाही. आमची सारी नोकरी दप्तरे तपासण्यात गेली. एका गावच्या जुन्या नोंदीत 'गणू पाटील' आढळला आणि दुसऱ्या गावी गणू नावाच्या माणसाचा वाडा सापडला, म्हणून कोणी वारसाहक्काची नोंद करून मागितली, तर कोणताही अव्वल कारकून ती करणार नाही.

आणखी एक अडचण आहे, ती भाविकांनाही अडचणीत टाकणारी आहे. ग्रंथांतील द्वारकेजवळ रैवतक पर्वत आहे. आजच्या द्वारकेजवळ पर्वत नाही. गिरनार तेथून बराच दूर. म्हणूनच कोडीनारजवळ एक मूळ द्वारका आहे आणि पोरबंदरजवळ विसावाड्यालाही मूळ द्वारका म्हणतात. यात्रेला जाणाऱ्या आपल्यासारख्यांना यामुळे काही बिघडत नाही. श्रद्धा तीन ठिकाणी नमस्कार करू शकते. पुराव्याला मात्र एकाच जागी उभे राहावे लागते.

खंबातच्या आखाताचे प्रकरण याहून ताजे. २००१ साली सागरतळाच्या ध्वनिचित्रांत चौकोनी आकृत्या दिसल्या, एका लाकडाच्या तुकड्याचे वय सुमारे साडेनऊ हजार वर्षे निघाले, आणि जगातील सर्वांत जुनी नगरी सापडल्याच्या बातम्या केंद्रीय मंत्र्यांच्या तोंडून झळकल्या. हा तुकडा तळ खरवडून वर काढलेल्या गाळात मिळाला होता. ज्या आखातात भरती-ओहोटीचा ओढ एवढा प्रचंड आहे, तेथे लाकूड कोठून वाहत आले हे कोण सांगणार? लाकडाचे वय म्हणजे नगरीचे वय नव्हे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी द्वारकेच्या समुद्रात उतरून पूजा केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या पथकाने तेथे नव्याने शोध आरंभला, तेव्हा या विषयावर पुन्हा बोलणे वाढले आहे. शोध चालू असताना निकाल आधी वाटून टाकू नये, एवढीच आमची अपेक्षा.

काळाच्या बाबतीत तर कादंबरीच्या नायकाने कमालच केली आहे. त्याच्या युक्तिवादात समुद्रातली द्वारका राव यांच्याकडून येते आणि युद्धाची तिथी अमेरिकेतील प्राध्यापक नरहरी आचार यांच्या ग्रहगणितावरून इ. स. पू. ३०६७ ठरते. दोन्ही आधार शेजारी-शेजारी मांडून ठेवले आहेत, जणू एकमेकांना दुजोरा देत आहेत! वस्तुतः त्यांत दीड हजार वर्षांचे अंतर आहे. गौतमीपुत्र सातकर्णी आणि शिवाजी महाराज यांच्यात जेवढे, साधारण तेवढे. सातकर्णीच्या कारकिर्दीतल्या घटनेला रायगडावरचा पुरावा कोणी दिला तर आपण हसू. येथे मात्र मान डोलावतो, कारण दोन्ही आकडे 'फार पूर्वीचे' आहेत.

ग्रहगणिताची गंमत मराठी वाचकांना वेगळी सांगायला नको. चिंतामणराव वैद्यांनी भारतीय युद्ध इ. स. पू. ३१०१ मध्ये ठेवले. प्रबोधचंद्र सेनगुप्तांना २४४९ मिळाले. पुण्याच्या डॉ. प. वि. वर्तकांनी तर ५५६१ च्या ऑक्टोबरातली तारीखच काढून दिली. हस्तिनापूरचे उत्खनन करणाऱ्या ब्रजबासी लालांनी खापरांवरून युद्ध इ. स. पू. नवव्या शतकाच्या सुमारास आणले. म्हणजे एकाच युद्धाला साडेचार हजारांहून अधिक वर्षांची मोकळीक आहे. ज्योतिषाधार देणाऱ्या सर्वांचा आधार बहुतांशी तेच श्लोक. उद्योगपर्वातले आणि भीष्मपर्वाच्या आरंभीचे उत्पातवर्णनाचे. शनी रोहिणीला पीडा देतो, मंगळ वक्री होतो, अशी ती वर्णने आहेत. त्यांतील सर्व स्थिती एकाच वेळी आकाशात जुळत नाहीत. कोणत्या श्लोकाला प्रमाण मानावयाचे आणि कोणत्याला अलंकार, हे प्रत्येक गणिती आपापल्या मनाने ठरवितो. संगणक चुकत नाही, हे खरे. त्याला घातलेला प्रश्नच जर निवडक असेल, तर उत्तरही निवडकच येणार.

सिंधुलिपीविषयी फार लिहीत नाही. कादंबरीत ती वाचता येते. बाहेर आजतागायत येत नाही. राव यांनीही ती वाचल्याचा दावा केला होता, तो मान्य झाला नाही. जानेवारी २०२५ मध्ये तामिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी ही लिपी उलगडणाऱ्याला दहा लाख डॉलरांचे पारितोषिक जाहीर केले, यावरून काय ते समजावे.

सोमनाथाच्या अधांतरी मूर्तीची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. चुंबकांच्या योजनेमुळे देव हवेत तरंगत असे, आणि महमुदाने भिंतीतले दगड काढताच तो कलंडला. कादंबरीतील सोमनाथाची जादू याच कथेतून आली आहे. ही कथा आपल्या पुराणांतली नव्हे, हे किती जणांना ठाऊक आहे? ती तेराव्या शतकातील झकारिया कझवीनी या लेखकाच्या अद्भुतवर्णनात येते. स्वारी झाली १०२६ च्या आरंभी. त्या काळाशी समकालीन असलेला अल्बेरुनी, ज्याचे महमुदाच्या दरबाराशी नाते होते आणि ज्याला ज्योतिष व पदार्थविज्ञान दोन्ही येत होते, तो सोमनाथाचे वर्णन साध्या शिवलिंगाचे करतो. वरचा भाग फोडला, उरलेला गझनीला नेला, एवढेच सांगतो. एवढा मोठा चमत्कार असता तर अल्बेरुनीसारखा चिकित्सक मनुष्य त्यावर पानेच्या पाने लिहून गेला असता. शिवाय नुसत्या स्थिर चुंबकांच्या ओढीने कोणतीही वस्तू हवेत स्थिर राहू शकत नाही, हे सॅम्युअल अर्नशॉ यांनी १८४२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रमेयात दाखविले आहे.

योगायोग असा, की त्याच १८४२ साली सोमनाथाच्या नावाने एक कादंबरीला शोभेल असा प्रकार प्रत्यक्षात घडला. गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो यांनी अफगाणिस्तानातून परतणाऱ्या फौजेला महमुदाच्या थडग्याचे दरवाजे उखडून आणण्याची आज्ञा केली, आणि आठशे वर्षांचा अपमान धुऊन निघाला, अशा आशयाची घोषणा हिंदी राजेरजवाड्यांना उद्देशून काढली. मिरवीत आणलेले ते दरवाजे आग्ऱ्यापर्यंत आले. तपासणीत ते देवदाराचे आणि गझनीच्याच कारागिरीचे निघाले. कथेतले दरवाजे चंदनाचे होते. मेकॉलेने पार्लमेंटात या घोषणेची यथेच्छ रेवडी उडविली. दरवाजे आजही आग्ऱ्याच्या किल्ल्यात पडून आहेत. दंतकथेवर विसंबून सरकारी हुकूम निघतात तेव्हा शेवटी असे लाकूड हाती लागते. याच्या साठ वर्षे आधी, १७८३ मध्ये, अहिल्याबाईंनी भग्न देवळाजवळ नवे मंदिर बांधून पूजा सुरू केली होती. त्यांनी घोषणा काढली नव्हती.

आता आग्रा. कादंबरीचा शेवट ताजमहालापाशी नेण्यात एका मराठी माणसाचा हात आहे, म्हणून हे प्रकरण आपल्याला टाळता येणार नाही. पुरुषोत्तम नागेश ओक यांचा जन्म १९१७ साली इंदुरात झाला, मृत्यू २००७ मध्ये पुण्यात. ताजमहाल हा मूळचा 'तेजोमहालय' नावाचा शिवालय होता, हा त्यांचा सिद्धांत आपल्या घरोघरी पोचलेला आहे. ओकांची चिकाटी, त्यांचा पल्ला आणि त्यांचे वक्तृत्व ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना त्यांच्याविषयी आदर वाटतो. आम्हालाही आहे. पण सिद्धांताची तपासणी आदराने होत नसते.

या सिद्धांताच्या मुळाशी एक खरी नोंद आहे, आणि तीच सर्वांत उद्बोधक आहे. शाहजहानचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी 'बादशाहनाम्या'त स्वच्छ लिहितो, की मकबऱ्यासाठी निवडलेल्या जागेवर पूर्वी राजा मानसिंगाची हवेली होती आणि ती त्या वेळी त्याचा वंशज राजा जयसिंग याच्या ताब्यात होती. बदल्यात जयसिंगाला आग्ऱ्यातील चार हवेल्या देण्यात आल्याचे डिसेंबर १६३३ चे फर्मानही उपलब्ध आहे. म्हणजे जागा रजपुताची होती, ती मोबदला देऊन घेतली, हे खुद्द बादशाही दप्तरच सांगते. ओकांनी हा कागद बाहेर आणून लोकांसमोर ठेवला, हे चांगलेच झाले. परंतु कागदात 'हवेली' आहे, 'देवालय' नाही. आणि हवेलीची जागा घेतली म्हणजे उभी असलेली इमारत घेतली, असेही त्यातून निघत नाही. जमीन आणि तिच्यावरचे बांधकाम ही दोन वेगळी खाती आहेत, हे घर घेतलेल्या प्रत्येकाला कळते. 'तेजोमहालय' हे नाव तर कोणत्याही समकालीन कागदात नाही; शाहजहानच्या कागदांत ही वास्तू 'रौजा-ए-मुनव्वरा' आहे. ओकांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने २००० साली फेटाळला. बंद खोल्या उघडण्यासंबंधीची याचिका अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने मे २०२२ मध्ये अमान्य केली. न्यायालयांचे निर्णय हा इतिहासाचा पुरावा नव्हे, हे मान्य. पण तेथेही कोणाला नवा कागद दाखल करता आला नाही.

मग कादंबरी म्हणून या पुस्तकाची योग्यता काय? वेग आहे. प्रकरण संपताना वाचकाला अडकवून ठेवण्याची हातोटी आहे. बाबुराव अर्नाळकरांवर पोसलेल्या आमच्या पिढीला त्यात परके काही वाटत नाही. मात्र पात्रे बोलत नाहीत, व्याख्याने देतात. मागे खुनी लागलेला असताना दोन विद्वान एकशे आठ या आकड्याची महती एकमेकांना समजावून देत बसतात, तेव्हा खुन्याची कीव येते. श्रीकृष्णाच्या तोंडची निवेदने आम्हाला अधिक वाचनीय वाटली. परंतु त्यांत महाभारत कोठे संपते, हरिवंश कोठे सुरू होतो आणि भागवतातले काय, हे सांगण्याची सोय नाही. सगळ्यांचा मिळून एक सपाट 'इतिहास' होतो. ज्या राधेवाचून आपल्याला कृष्ण सुचत नाही, ती महाभारतात नाही, हरिवंशात नाही, भागवतातही नावाने नाही. ती नंतरच्या भक्तीने कृष्णाला दिलेली आहे. या वाढीची कथा हीच केवढी थोर कादंबरी आहे!

हा दोष फक्त इंग्रजीत लिहिणाऱ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'वरून कर्ण आणि 'युगंधर'वरून कृष्ण ठरविणारे वाचक आपल्यात थोडे का आहेत? 'आंधळ्याचा पुत्र आंधळा' हे द्रौपदीचे कुत्सित वाक्य आपण सगळे सांगतो. भांडारकर संस्थेच्या चिकित्सित आवृत्तीत ते नाही. याउलट इरावती कर्व्यांचे 'युगान्त' १९६७ साली आले ते ही आवृत्ती समोर ठेवूनच. त्यात कृष्ण आहे, रहस्यही आहे, आणि लेखिका आपले अनुमान कोठे सुरू होते हे प्रत्येक ठिकाणी सांगते. ज्यांनी 'द कृष्णा की' वाचून संपविली, त्यांनी 'युगान्त'मधील वासुदेवाचे प्रकरण लगेच काढून वाचावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

अशी पुस्तके बंद करावीत काय, असे कोणी विचारतात. २००६ साली 'दा विंची कोड'च्या चित्रपटावर गोवा सरकारने बंदी घातली होती, आणखीही काही राज्यांनी घातली. आंध्रातील बंदी उच्च न्यायालयाने रद्द केली. बंदीने पुस्तकाचा खप वाढतो, त्याहून वाईट म्हणजे त्याचे म्हणणे दडपले जात आहे असा समज होतो, आणि गुप्त कटाच्या कथेला याहून पौष्टिक खाद्य नाही. सयाजीराव महाराजांनी गावोगाव ग्रंथालये काढली ती लोकांनी दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत म्हणून, अशी आमची समजूत आहे.

आणि बुडालेल्या तीर्थाचेच कोणाला वेड असेल, तर गुजरातेत एक खरोखर बुडालेले आहे. शामळाजीजवळ मेश्वो नदीच्या काठी देवनी मोरी येथे बौद्ध स्तूप आणि विहार होता. मेश्वोवर धरण व्हायचे ठरले, तेव्हा १९६० ते १९६३ या काळात आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या रमणलाल मेहता आणि एस. एन. चौधरी यांनी तेथे उत्खनन केले. स्तूपाच्या गाभ्यात एक दगडी करंडक मिळाला. आत अवशेष, बाहेर लेख. हा करंडक दशबलाच्या, म्हणजे बुद्धाच्या, शरीरावशेषांचे निवासस्थान आहे, असे त्यावर कोरले आहे. अग्निवर्मा आणि सुदर्शन या भिक्षूंनी स्तूप करविला, राजा रुद्रसेन राज्य करीत होता, आणि कथिक राजांचे १२७ वे वर्ष सरले होते, असेही त्यात आहे. त्या स्थळावर आज जलाशय आहे. करंडक विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने सांभाळला आहे, आपल्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. हे १२७ वर्ष शक संवत्सराचे धरले तर इ. स. २०५ च्या सुमाराचे येते, कलचुरी-चेदी गणनेचे धरले तर ३७५ च्या सुमाराचे. कथिक राजे म्हणजे नेमके कोण, याविषयी विद्वानांत अद्याप एकमत झालेले नाही.